कितवा नंबर?

२०२३ सालची दसऱ्याची सुट्टी संपून शाळा उघडली, त्या दिवशी नववीच्या वर्गात आम्ही पाऊल टाकतो न टाकतो तोच मधल्या बाकावरून प्रश्न आला, "सर, तुमचा कितवा नंबर आला?"

सुट्टीत आम्ही गोव्याला एका लांब पल्ल्याच्या शर्यतीसाठी जाणार आहोत, ही वार्ता वर्गाला आधीच लागली होती. शर्यत म्हटली की नंबर आलाच, अशी मुलांची समजूत. तीत त्यांचे काही चुकले नाही. वार्षिक क्रीडामहोत्सवात शंभर मीटर धावणे असो की पोत्यातली शर्यत असो, पहिल्या तिघांना बक्षीस मिळते आणि उरलेले टाळ्या वाजवितात. आम्ही मात्र त्या दिवशी "पुढे सांगू" असे म्हणून खडू हाती घेतला आणि फळ्याकडे वळलो. प्रश्न टाळण्यामागे एक कारण होते. ते यथावकाश येईलच. प्रथम ही शर्यत म्हणजे काय, ती शरीराकडून काय मागते आणि तीत नंबरापेक्षा घड्याळाला एवढे महत्त्व का, हे सांगितले पाहिजे. आम्ही कलाशाखेचे पदवीधर, आमचा विषय भाषा. शरीरशास्त्र आम्ही पुस्तकांतून थोडे शिकलो आणि पायांनी पुष्कळ शिकलो, एवढे आरंभीच कबूल करून ठेवतो.

तीन खेळांची एक शर्यत

पोहणे, सायकल चालविणे आणि धावणे ही तिन्ही कामे एकामागून एक, मध्ये विश्रांती न घेता करावयाची, अशा शर्यतीस ट्रायथलॉन म्हणतात. तिचा सर्वांत प्रसिद्ध प्रकार म्हणजे आयर्नमॅन. त्याचा जन्म प्रशांत महासागरातील हवाई बेटांत झाला. पोहणारा, सायकलस्वार आणि धावपटू यांपैकी अधिक कणखर कोण, असा वाद तेथील खेळाडूंत एकदा निघाला. अमेरिकी नौदलातील अधिकारी जॉन कॉलिन्स आणि त्यांच्या पत्नी ज्युडी यांनी तो वाद तोंडाने न मिटविता पायांनी मिटवावा असे ठरविले. ओआहू बेटावर समुद्रात पोहण्याची एक शर्यत, बेटाभोवती सायकल चालविण्याची एक फेरी आणि होनोलुलूची मॅरेथॉन अशी तीन कामे प्रसिद्धच होती. ती तिन्ही त्यांनी एकाच दिवसात गुंफली. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी पहिली शर्यत झाली. पंधरा जण उतरले, बाराजणांनी ती पुरी केली. गॉर्डन हॅलर हा ११ तास ४६ मिनिटे ५८ सेकंदांत पहिला आला. पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, लिन लेमेअर ही स्त्री शर्यतीत उतरली आणि सर्व पुरुषांसह मोजता पाचवी आली. आमच्या विद्यार्थिनींनी हे नाव ध्यानात ठेवावे.

पूर्ण आयर्नमॅनमध्ये ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणे असते. याच्या बरोबर अर्ध्या पल्ल्याची जी शर्यत, तीत १.९ किलोमीटर पोहून ९० किलोमीटर सायकल चालवावयाची आणि शेवटी २१.१ किलोमीटर धावावयाचे. या तिन्हींची बेरीज मैलांत ७०.३ होते म्हणून ती त्या आकड्यानेच ओळखली जाते. २०१९ साली ही अर्ध्या पल्ल्याची शर्यत गोव्यात पणजीजवळच्या मिरामार किनाऱ्यावर प्रथम भरली. आम्ही मूळचे काणकोणकडचे. घरी कोकणी बोलतो, बेळगावात मराठी शिकवितो. ज्या समुद्राच्या काठी आमचे बाळपण गेले त्याच समुद्रात अशी शर्यत होते म्हटल्यावर आम्हांला राहवले नाही. तळपण नदीच्या पाण्यात पोहायला शिकलेल्या माणसाला १.९ किलोमीटरचे भय ते काय वाटणार? भय कशाचे बाळगावयास हवे होते, हे आम्हांला पुढे कळले.

घड्याळाशी स्पर्धा

या शर्यतींत उतरणारे बहुतेक लोक हौशी असतात. कोणी डॉक्टर, कोणी पोलीस, कोणी बँकेत, कोणी आमच्यासारखा मास्तर. पहिल्या दहांत येण्याची आशा त्यांना नसते. मग ते धावतात कशासाठी? याचे उत्तर वेळमर्यादेत आहे. अर्ध्या पल्ल्याच्या शर्यतीत पोहणे १ तास १० मिनिटांत संपले पाहिजे. आरंभापासून साडेपाच तासांच्या आत सायकल संपली पाहिजे. आणि साडेआठ तासांच्या आत शेवटची रेषा ओलांडली पाहिजे. पूर्ण आयर्नमॅनमध्ये ही शेवटची मर्यादा सतरा तासांची म्हणून प्रसिद्ध आहे. मर्यादेच्या आत येईल त्या प्रत्येकाला सारखेच पदक मिळते. एक मिनिट उशीर झाला तर काहीच मिळत नाही.

घड्याळाचा हा न्याय किती कठोर असतो, याचे उदाहरण दक्षिण आफ्रिकेत पाहावयास मिळते. तेथे डर्बन आणि पीटरमॅरिट्झबर्ग या दोन शहरांच्या दरम्यान सुमारे ९० किलोमीटरची कॉम्रेड्स नावाची दौड होते. पहिल्या महायुद्धात पडलेल्या आपल्या सोबत्यांच्या स्मरणार्थ व्हिक क्लॅपहॅम या सैनिकाने ती १९२१ साली सुरू केली. त्या वर्षी चौतीसजण धावले आणि सोळाजण पोहोचले. आज या दौडीत हजारो लोक उतरतात, आणि ती बारा तासांत पुरी करावयाची असते. वेळ भरत आली की एक अधिकारी अंतिम रेषेवर येणाऱ्या धावपटूंकडे पाठ करून उभा राहतो आणि ठरल्या क्षणी हवेत बंदूक झाडतो. त्याने पाठ फिरविलेली असते ती मुद्दाम. कोण किती हातांवर आला आहे हे पाहिले तर मन द्रवेल आणि बोट थांबेल. दिवसभर धावून एका सेकंदाने चुकलेल्या माणसाचे नाव पूर्ण करणाऱ्यांच्या यादीत लागत नाही.

कोठाराचा हिशेब

आता मुख्य गोष्टीकडे वळू. एवढा वेळ शरीर चालते कशावर? आपण भात, भाकरी, पोहे, साखर असे जे पिष्टमय अन्न खातो, त्याचा काही भाग ग्लायकोजेन या रूपाने यकृतात आणि स्नायूंत साठविला जातो. सर्वसाधारण माणसात हा साठा सुमारे ५०० ग्रॅम असतो. एका ग्रॅमपासून सुमारे ४ किलोकॅलरी शक्ती मिळते, म्हणजे एकंदर २,००० किलोकॅलरी. धावताना दर किलोमीटरला, शरीराच्या दर किलो वजनामागे, सुमारे एक किलोकॅलरी खर्च होते. आमचे वजन ६५ किलो. म्हणजे एका किलोमीटरला ६५. आता २,००० ला ६५ ने भागून पाहा. उत्तर सुमारे ३१ येते. मॅरेथॉन धावणारे लोक तिसाव्या किलोमीटरच्या आसपास एक भिंत लागते असे सांगतात, ती भिंत या भागाकारात दडलेली आहे. कोठार रिकामे होते, पाय शिशाचे होतात आणि डोकेही नीट चालेनासे होते, कारण मेंदूलाही तीच साखर लागते.

तुम्ही विचाराल, शरीरात चरबी असते तिचे काय? प्रश्न रास्त आहे. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० किलोकॅलरी असतात. आमच्या अंगावर दहा किलो चरबी धरली तरी ती हजार किलोमीटरांहून अधिक धावण्यास पुरावी. परंतु या दुसऱ्या कोठाराचे दार अरुंद आहे. चरबीपासून शक्ती सावकाश मिळते. माणूस बेताने चालला तर शरीर बराचसा खर्च चरबीतून भागविते आणि ग्लायकोजेन राखून ठेवते. वेग वाढविला की त्याला घाई होते आणि ते पहिल्या कोठारावर हात टाकते. म्हणून लांब पल्ल्याच्या शर्यतीत पहिल्या तासात दाखविलेल्या शौर्याची किंमत शेवटच्या तासात व्याजासह मोजावी लागते. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पगार उडविणाऱ्या गृहस्थाची जी स्थिती शेवटच्या आठवड्यात होते, तीच ही.

वाटेत खाल्ले तर? खावेच लागते. परंतु आतड्यालाही मर्यादा आहे. साधी साखर तासाला सुमारे ६० ग्रॅमपर्यंतच शरीरात शोषली जाते. एका केळ्यात सुमारे २५ ग्रॅम पिष्टमय भाग असतो, म्हणजे तासाला दोन केळ्यांहून थोडे अधिक. खर्च याहून पुष्कळ मोठा असतो. तेव्हा खाणे आरंभापासून आणि थोडे थोडे हवे. भूक लागल्यावर खाऊ म्हणणारा उशीर करून बसतो.

घाम आणि हवा

दुसरी अडचण उष्णतेची. स्नायूंत जी शक्ती खर्च होते तिच्या सुमारे चौथ्या भागाचीच हालचाल होते, उरलेल्या तीन भागांची उष्णता होते. ही उष्णता बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग म्हणजे घाम. मात्र येथे एक बारकावा आहे. नुसता घाम येऊन शरीर थंड होत नाही, तो घाम वाळला पाहिजे. एक लिटर घाम पूर्णपणे वाळला तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता आपल्याबरोबर नेतो. अंगावरून गळून रस्त्यावर पडलेला घाम काहीच नेत नाही. दोरीवर टाकलेले ओले कपडे उन्हाळ्यात तासाभरात वाळतात आणि पावसाळ्यात दोन दोन दिवस वाळत नाहीत, त्याचे जे कारण तेच हे. हवेत आधीच बाष्प भरलेले असले की घामाला जागाच उरत नाही.

आमचे बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. येथे पहाटे जांबोटीच्या रस्त्याने सायकल काढली तर अंगाला गार वारा लागतो. आम्ही सारा सराव या हवेत केला. चोर्ला घाट उतरून खाली गेले की ऑक्टोबर महिन्यातली किनाऱ्यावरची दमट हवा अंगाला चिकटते, हे आम्हांला जन्मापासून ठाऊक होते. ठाऊक असलेल्या गोष्टीचा हिशेब न करणे हाच आमचा अपराध.

तिसरी गोष्ट पाण्याची. घामाबरोबर मीठही जाते. केवळ पाणी पीत राहिले आणि तेही गरजेहून अधिक, तर रक्तातील सोडियमचे प्रमाण घटते. डोके दुखते, मळमळते, आणि फार घटले तर जिवावर बेतते. २००२ सालच्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले गेले, तेव्हा त्यांतील १३ टक्के लोकांत सोडियम कमी झालेले आढळले. तहान लागेल तसे प्यावे आणि पाण्यात थोडे मीठ व साखर असावी, हा याचा मथितार्थ. साखर आणि मीठ एकत्र असली की आतडे पाणी अधिक त्वरेने शोषून घेते. हेच तत्त्व वापरून डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ मध्ये बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीने ग्रासलेल्या असंख्य माणसांचे प्राण वाचविले. खेळाडूच्या बाटलीतील पाणी आणि दवाखान्यातील ती पुडी यांचे शास्त्र एकच आहे.

आमची पहिली शर्यत

हे सारे ज्ञान आम्हांला शर्यतीपूर्वी असते तर हा लेख निराळा झाला असता. ८ ऑक्टोबर २०२३ रोजी मिरामारच्या पाण्यात आम्ही उतरलो आणि ५२ मिनिटांत बाहेर आलो. मन हर्षाने भरले. त्याच भरात सायकलवर बसलो आणि पहिल्या तासात ३० किलोमीटर काढले. सरावात एवढा वेग आम्ही कधी ठेवला नव्हता. लोक पुढे जात होते, त्यांच्यामागे जाण्याचा मोह आवरला नाही. समुद्राचे पाणी पोटात गेल्याने मळमळत होते, म्हणून काही खाल्ले नाही. साधे पाणी मात्र घटाघटा प्यायलो. उरलेल्या ६० किलोमीटरांना ३ तास २१ मिनिटे लागली. सायकल ठेवली तेव्हा ५ तास २२ मिनिटे झाली होती. मर्यादेच्या आत फक्त आठ मिनिटे.

धावण्याचे पहिले सहा किलोमीटर कसेबसे झाले. मग पोटऱ्यांत गोळे येऊ लागले. अंग निथळत होते, पण थंड होत नव्हते. चालू लागलो. रस्त्याच्या कडेला उभे असलेले अनोळखी लोक "चला, चला" म्हणत होते. त्यांच्याकडे पाहण्याचीही लाज वाटत होती. सतराव्या किलोमीटरजवळ एक स्वयंसेवक मुलगी पुढे आली. तिने घड्याळ दाखविले आणि आमच्या घोट्याला बांधलेली वेळ मोजणारी चकती सोडून घेतली. "पुढच्या वर्षी या, काका," असे ती म्हणाली. तिचा स्वर इतका मृदू होता की आम्हांला काही बोलता आले नाही.

यानंतर जे घडले ते सांगणे शर्यतीपेक्षा अवघड आहे. सुट्टीनंतर मुख्याध्यापकांनी "कशी झाली शर्यत?" असे विचारले. आम्ही "झाली" एवढेच म्हणालो. त्यांनी त्याचा सरळ अर्थ घेतला आणि दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी सर्व शाळेसमोर आमचे अभिनंदन केले. सरांनी ११३ किलोमीटरांची शर्यत पुरी केली, असे ते मोठ्या कौतुकाने म्हणाले. टाळ्या झाल्या. आम्ही हात जोडून उभे राहिलो. खोटे बोललो नाही, पण खोटे होऊ दिले. निबंधात एक वाक्य उतरून काढले म्हणून आम्ही मुलांना उभे करतो, आणि येथे सबंध चार किलोमीटर आम्ही न धावता आपल्या नावावर लावून घेतले होते.

दोन रात्री झोप आली नाही. तिसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन आम्ही पुढे गेलो आणि सांगितले, की आमची शर्यत पुरी झाली नाही, सतराव्या किलोमीटरवर आम्हांला थांबविण्यात आले, आणि आधीच्या टाळ्या आमच्या नव्हत. मैदानात शांतता पसरली. कोणी हसले नाही. वर्गात गेल्यावर मात्र तोच मधल्या बाकावरचा मुलगा उठला. तो त्या वर्षी नववीत दुसऱ्यांदा बसला होता. या वेळी त्याने नंबर विचारला नाही. "सर, परत जाणार?" असे त्याने विचारले. या प्रश्नाला "पुढे सांगू" हे उत्तर देणे आम्हांला शक्य नव्हते. आम्ही "जाणार" म्हणालो.

दुसऱ्यांदा

मग आम्ही प्रथम वही घेतली. कुठल्या तासात किती वेग, किती खाणे, किती पाणी, हे सारे मांडले आणि चूक कोठे झाली ते पाहिले. पाय अपुरे पडले नव्हते, हिशेब अपुरा पडला होता. वर्षभर आठवड्यातून सहा दिवस पहाटे पाचला उठणे, शाळेपूर्वी तास-दीड तास सराव, रविवारी लांब पल्ला, असा क्रम ठेवला. जून ते ऑगस्ट बेळगावचा पाऊस थांबत नाही. तेव्हा भिजत धावलो, आणि धावून आल्यावर उत्तरपत्रिका तपासल्या.

सरावाने शरीरात काय बदलते, तेही समजून घेण्यासारखे आहे. हृदय एका ठोक्यात अधिक रक्त ढकलू लागते. स्नायूंत सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे दाट होते. पेशींत प्राणवायूच्या साहाय्याने इंधन जाळणाऱ्या ज्या मायटोकॉन्ड्रिया नावाच्या बारीक भट्ट्या असतात, त्यांची संख्या वाढते. चरबीच्या कोठाराचे दार थोडे रुंद होते ते यामुळेच. हे बदल हळूहळू होतात आणि बेताच्या वेगाने दीर्घकाळ केलेल्या सरावानेच होतात. उष्ण हवेचीही सवय लागते. दहा ते चौदा दिवस उन्हात सराव केला की रक्तातील द्रवभाग वाढतो, घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातून मीठ कमी जाते. म्हणून २०२४ च्या दसऱ्याच्या सुट्टीत आम्ही काणकोणला आईकडे जाऊन राहिलो आणि रोज सकाळी नऊनंतर, लोक सावलीला जातात त्या वेळी, धावायला बाहेर पडलो. आई रोज दारात उभी राहून म्हणे, "पयलीं पेज घे, मागीर धांव." भाताची पेज, वर मीठ. पिष्टमय पदार्थ, पाणी आणि मीठ. आम्ही वहीत जे वर्षभर मांडीत होतो, ते आईने एका वाटीत घालून पुढे ठेवले होते.

२७ ऑक्टोबर २०२४. पोहणे ५४ मिनिटे. सायकलच्या पहिल्या तासात २३ किलोमीटर, आणि पुढेही साधारण तेवढेच. पुष्कळ लोक आम्हांला ओलांडून गेले. दर वीस मिनिटांनी आम्ही खिशातून केळ्याचा तुकडा किंवा गुळाची चिक्की काढून खात होतो, मीठ-साखरेचे पाणी घोट घोट घेत होतो. सायकल ठेवली तेव्हा ५ तास २ मिनिटे झाली होती. धावताना दर दोन किलोमीटरला थोडे चालावयाचे, असे आधीच ठरविले होते. गेल्या वर्षी जेथे चकती सोडून घेतली ती जागा आली, तेव्हा छाती धडधडू लागली. तेथे कोणीच उभे नव्हते. आम्ही पुढे गेलो. ८ तास ११ मिनिटे झाली असता शेवटची रेषा ओलांडली.

एकोणिसावा

आता नंबराविषयी. बेळगावचा फडेप्पा दरेप्पा चौगुले हा तरुण १९२० साली बेल्जियममधील अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावला. भारताने संघ म्हणून ऑलिंपिकला पाठविलेल्या पहिल्या खेळाडूंपैकी तो एक. त्या वेळी ती शर्यत ४२.७५ किलोमीटरांची होती. फिनलंडचा हान्नेस कोलेमाइनेन पहिला आला. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पोहोचला आणि त्याचा नंबर एकोणिसावा लागला. त्याच शर्यतीत धावलेले दुसरे भारतीय सदाशिव दातार यांना ती पुरी करता आली नाही. शाळेच्या बक्षीससमारंभाच्या हिशेबाने पाहिले तर एकोणिसावा म्हणजे काहीच नाही. परंतु आपल्या गावचा एक तरुण शंभर वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून परक्या हवेत धावला आणि शेवटपर्यंत पोहोचला, हे ज्याला कळते त्याला तो आकडा लहान वाटणार नाही. दातारही त्याच रेषेवर उभे राहिले होते, हेही विसरू नये. आरंभाच्या रेषेवर उभे राहण्यास जे धैर्य लागते त्याचा नंबर कोणी काढीत नाही.

याचा अर्थ नंबराला किंमत नाही असा कोणी घेऊ नये. पहिला येणारा पहिल्या मानालाच पात्र असतो. परंतु आयुष्यातील बहुतेक कामे आपण पहिले येण्यासाठी करीत नाही, ती वेळेत आणि प्रामाणिकपणे पुरी करण्यासाठी करतो. लांब पल्ल्याची शर्यत तेवढेच शिकविते. शक्ती एकदम खर्च करू नये, भूक लागण्याआधी शिदोरी सोडावी, परक्या हवेचा अदमास आधी घ्यावा, आणि जेथे थांबविले गेलो ती जागा इतरांना खरी सांगावी.

विद्यार्थिमित्रहो, हा लेख वाचून कोणी उद्याच नदीत उडी घेऊ नये. आमच्या या शर्यतीला वयाची अट अठरा वर्षांची आहे आणि ती योग्य कारणासाठी आहे. तळ्यात, नदीत वा समुद्रात एकट्याने कधीही पोहू नये. धावण्यास आरंभ करावयाचा तर अर्ध्या तासाने करावा, बोलता बोलता धावता येईल एवढाच वेग ठेवावा, आणि काही दुखले-खुपले तर आधी डॉक्टरांना विचारावे. वर्ष दोन वर्षांची घाई करू नये. शरीर मोठे सोशिक असते, परंतु त्याला फसविलेले चालत नाही.

२०२४ च्या त्या सोमवारी आम्ही शाळेत आलो, तेव्हा तो मुलगा दहावीत होता. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला. आम्ही पदक दाखविले. ते त्याने हातात घेऊन उलटसुलट पाहिले. आम्ही आपण होऊनच सांगितले, की आमच्यापुढे कित्येक शेकडा लोक होते.

"वेळ संपायला किती मिनिटं उरली होती, सर?" त्याने विचारले.

"एकोणीस."

"मग पुष्कळ उरली," तो म्हणाला, आणि घंटा झाली म्हणून वर्गाकडे पळाला.